ओरणाबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू

आमच्या झाबरासर गावात एकंदर झाडं किती, हा प्रश्न सरकारी पातळीवर पहिल्यांदा विचारला गेला तो ती तोडायची ठरल्यावर. त्याआधी कुणी मोजली नव्हती. घरच्या माणसांना कुणी मोजत नाही. मोजतात ते पाहुण्यांना, पंगतीला पानं किती मांडायची ते ठरवताना.

गावात तशी झाडं नव्हतीच. गावात वाळू, आणि वाळूवर आम्ही. झाडं सगळी ओरणात. ओरण म्हणजे हांसबाईमातेच्या नावाने सोडलेलं रान. चार हजार बिघे, त्यात खेजडी, जाळ, केर, बोरडी अशी झाडं आणि मधोमध एक तळं. आत कुऱ्हाड न्यायची नाही, डहाळी मोडायची नाही, पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही. गुरं चारा, शेंगा तिथेच बसून खा. पोटातून नेलेलं आईला चालतं. पण हातातून, ओच्यातून, पगडीतून एक काटाही बाहेर जाता कामा नये. म्हणून ओरणाच्या वेशीवर एक उभा दगड आहे. निघताना तिथे थांबायचं, पदर झटकायचा, पगडी झटकायची, जोडे उलटे करून आपटायचे आणि म्हणायचं, “आई, तुझं तुझ्यापाशी.”

धापू भुआ तर मेंढ्यांच्या लोकरीत अडकलेले गोखरूसुद्धा एकेक करून काढायची आणि आत टाकायची. साठ मेंढ्या. रोज.

भुआ माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कुंकू पुसून माहेरी परत आली, त्याला पंचावन्न वर्षं झाली. तेव्हापासून ती, मेंढ्या आणि ओरण. मेंढ्यांना दुसरं कुरण नाही आणि भुआला दुसरं काहीच नाही. माझ्या घरात सून येऊन चार वर्षं झाली, तरी भुआ मला अजून बिनणी, म्हणजे सूनबाई, असंच म्हणते. गावाचे अर्ज मी लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे अशातला भाग नाही. बाकीच्यांचं मुळीच वाचता येत नाही.

तर ओरणाची कागदोपत्री नोंद अशी होती: जमिनीचा प्रकार, पडीक. मालक, कोणी नाही. उत्पन्न, काही नाही.

ही नोंद आमच्याच पूर्वजांनी करून घेतली. राजाच्या काळात मोजणीचा कारकून साखळी घेऊन आला, तेव्हा गावच्या पाच म्हाताऱ्यांनी त्याला वेशीवर अडवलं. आईची जमीन लोखंडाच्या साखळीने मोजत नाहीत, म्हणाले. बरं, मग मालक म्हणून नाव कुणाचं लिहू, असं कारकुनाने विचारलं. म्हाताऱ्यांना हसू आलं. कुणाचं नाही, म्हणाले. तुझ्या वहीत नाव यावं इतकी वाईट वेळ आमच्या आईवर आलेली नाही. आणि उत्पन्न? तुला देण्यासारखं तिथे काही नाही, म्हणाले. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. म्हातारे मिशीला पीळ देत घरी आले आणि गावाने त्यांना गूळ वाटला. आमच्या लोकांना ही एक जुनी खोड आहे. लेखणीवाल्या माणसापुढे ते ताठ मानेने बोलतात.

शंभर वर्षांनी सरकारला ऊन गोळा करायला जागा हवी झाली. ज्या जमिनीला मालक नाही आणि जिच्यात काही पिकत नाही अशी जागा वहीत शोधली, तेव्हा सगळ्यात वर आमचं ओरण निघालं.

उन्हाबद्दल आमची तक्रार नव्हती. ऊन आमच्याकडे इतकं, की कुणी घेऊन जातो म्हणाला तर आम्ही वर पिशवीही दिली असती. शाळेच्या मैदानात मांडव घालून जनसुनावणी झाली. कूलर होता, कचोरी होती, आणि उन्हाची वीज करणाऱ्या कंपनीचे पर्यावरण अधिकारी दवे साहेब होते. दवे साहेब जोधपूरचे. हळू बोलणारे, खरोखर सज्जन मनुष्य. कोळशाच्या धुराने जग तापत चाललंय, हे त्यांनी इतक्या कळवळ्याने सांगितलं, की कूलरपुढे बसलेल्यांनाही घाम फुटला. ते बोलले त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. हीच सगळी अडचण होती.

भुआने विचारलं, “हे इथे नाही केलं तर काय होईल?”

“मग दुसरीकडे कोळसा खणावा लागेल, माँजी. तिथेही जंगल आहे.”

“तिथे मेंढ्या चारणारी कुणी असेल?”

“असेलच की.”

“तिला काय सांगितलंत?”

दवे साहेब सज्जन असल्यामुळे त्यांना खोटं बोलता येईना. म्हणाले, “तिला सांगितलं, की इथे नाही खणलं तर झाबरासरचं ओरण जाईल.”

भुआने मान हलवली. त्या न पाहिलेल्या बाईची तिला काळजी वाटली असावी.

मग ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत, असं सांगण्यात आलं. मीही केला. खोटं कशाला सांगू? आमच्याकडे वीज दुपारी बाराला जाते ती पाचला येते. माझ्या नातवाच्या पाठीवर घामोळ्याला जागा उरलेली नव्हती आणि पंखा नुसता आढ्याला लटकलेला. सरपंच खंगारजींनी केला, त्यांची जीप भाड्याने लागणार होती. भुआनेही हात वर केला, आणखी एक विचारायचं होतं म्हणून. तो हातही संमतीत मोजला गेला. अहवालात ‘ज्येष्ठ महिलांचा विशेष प्रतिसाद’ अशी वेगळी नोंद झाली.

पहिला पेच पटवारी किसनलालजींपुढे पडला. झाड तोडायचं तर परवानगी हवी. परवानगीला झाडाची नोंद हवी. आणि वहीत तर तिथे काहीच नाही. झाडं आहेत असं लिहावं तर जमीन पडीक राहत नाही, आणि पडीक नसेल तर कंपनीला देता येत नाही. किसनलालजी आठ दिवस जेवले नाहीत, असं त्यांची बायको सांगते. नवव्या दिवशी त्यांना सुचलं. पडीक सरकारी जमिनीवर परवानगीशिवाय जो उभा राहतो त्याला कायद्यात एक नाव आहे. झाडांची नोंद ‘अतिक्रमण’ या सदरात झाली.

अतिक्रमण झालं म्हणजे नोटीस आली. नियम म्हणजे नियम. कंपनीला लागणाऱ्या अर्ध्या ओरणातल्या अकरा हजार दोनशे चौदा झाडांना नोटिसा चिकटवण्यात आल्या, की आपण सदर जागेवर केव्हापासून उभे आहात याचा लेखी पुरावा सात दिवसांत सादर करावा. काही खेजड्या तीनशे वर्षांच्या होत्या, पण एकीनेही मुदतीत उत्तर दिलं नाही. त्यातून नोटिसा मैद्याच्या खळीने लावलेल्या. गावच्या शेळ्यांनी दोन दिवसांत सगळ्या खाल्ल्या. किसनलालजींनी शेरा मारला: नोटीस संबंधितांच्या परिसरात पोचली व पचली. हरकत नाही.

झाडं तुटणार हे नक्की झालं, तेव्हा दवे साहेब अडून बसले. एका झाडामागे दहा झाडं लावल्याशिवाय मी कुऱ्हाड लावू देणार नाही, म्हणाले. गावाला बरं वाटलं. मी ‘आभाराचा अर्ज’ लिहिला. दहा पटीने एक लाख बारा हजार एकशे चाळीस रोपं झाली. ती लावायला जागा हवी, आणि नियम असा, की वृक्षारोपण उजाड जागीच करावं. जिथे आधीच झाडं आहेत तिथे लावलेली रोपं मोजदादीत धरत नाहीत. उजाड म्हणून नोंद असलेली जागा जवळपास एकच होती. ओरणाचा उरलेला अर्धा भाग.

तिथेही झाडं होती. नऊ हजार आठशे सहा. ती काढल्याशिवाय झाडं लावता येईनात.

ती काढायची म्हणजे त्यांच्याही दहा पट रोपं आली. सरपंचांनी शाळेच्या फळ्यावर हिशेब मांडला. जितकी झाडं लावू तितकी जागा लागते, जितकी जागा करू तितकी झाडं पडतात, जितकी पडतात त्याच्या दहा पट लावायची. खंगारजी खडू खाली ठेवून म्हणाले, “दवे साहेबांचा जीव झाडांवर थोडा कमी असता, तर आपलं अर्धं ओरण वाचलं असतं.”

पुढची रोपं शेजारच्या गावात गेली. सुदैवाने त्यांचं ओरणही कुणाच्याच मालकीचं नव्हतं.

मध्यंतरी आम्हाला वाचवायला शहरातून माणसं आली. दोन वातानुकूलित बसगाड्या. बाहेर ऊन होतं म्हणून इंजिनं दिवसभर चालू. मुलंमुली चांगली होती. गाणी म्हटली, फलक धरले, ज्वारीची भाकरी नको, बाजरीचा सोगराच हवा म्हणाली, आणि तोही लाकडाच्या चुलीवरचा. पाच दिवसांत आमच्या पोरीबाळींना सरपणासाठी चार कोस चालावं लागलं, कारण ओरणातलं लाकूड घ्यायचं नसतं ना. निघताना भुआने सगळ्यांना दगडापाशी उभं केलं आणि झटकायला सांगितलं. खिशांतून, झोळ्यांतून, टोप्यांतून शेंगा पडल्या, मोरपिसं पडली, जाळ झाडाच्या डहाळ्या, गुळगुळीत खडे, कुणाच्या वहीतून दाबून वाळवलेलं केरच्या झुडपाचं लाल फूल. आठवण म्हणून घेतलं होतं, म्हणाली. भुआने सगळं गोळा करून आत ठेवलं, रागावली नाही.

त्याच दिवशी दवे साहेबही आतून आले. त्यांनीही कोट झटकला, जोडे आपटले. काही पडलं नाही. ओशाळून हसले. भुआ म्हणाली, “दवेजी, ज्याच्या झोळीतून काहीच पडत नाही तो एकतर साधू असतो, नाहीतर त्याने गाठ पक्की मारलेली असते.”

“मी कोण, भुआसा?”

“ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला काय दिसतं?”

काम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात भुआ माझ्याकडे आली, ताकाचा तांब्या घेऊन. तिला काही हवं असलं की ती ताक आणते. म्हणाली, एक अर्ज लिही. मी म्हटलं, भुआसा, चाळीस लिहिले. कलेक्टरला लिहिला तो वनखात्याकडे गेला, वनखात्याने महसुलाकडे पाठवला, महसुलाने कंपनीकडे, आणि कंपनीने आपलं मत मागवण्यासाठी माझ्याकडेच परत पाठवला. भुआ म्हणाली, हा वेगळा आहे. यात ‘थांबवा’ म्हणायचं नाही. फक्त लिही, की ओरणाबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू दगडापाशी थांबवून झटकण्यात यावी.

“त्याने काय होणार?”

“बिनणी, ट्रक झटकला तर लाकूड खाली पडेल की नाही?”

पंचाहत्तर वर्षांच्या बाईने इतक्या सरळपणे एक ट्रक उपडा करावा, याला काय म्हणावं. पण अर्ज लिहिला. जरा जड शब्दांत लिहिला, म्हणजे मान राहील: ‘ओरणाबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू वेशीवरील दगडापाशी थांबवून विधिवत झटकण्यात यावी व विहित वाक्य उच्चारण्यात यावे.’

हा एकमेव अर्ज, जो चार दिवसांत मंजूर झाला. दवे साहेबांचे डोळे पाणावले होते. स्थानिक भावनांचा आदर म्हणून कलम सदतीस या नावाने ते थेट कामाच्या अटींत गेलं. दगडापाशी हिरवी पाटी लागली, शेजारी एक माणूस वही घेऊन बसला.

मग ट्रक निघाले. प्रत्येक ट्रक दगडापाशी थांबे. ड्रायव्हर खाली उतरे, गळ्यातला गमछा काढून नीट झटके, जोडे आपटे, हात जोडून म्हणे, “आई, तुझं तुझ्यापाशी.” वहीवाला खूण करी. ड्रायव्हर पुन्हा चढे आणि मागे सहा-सात खेजड्या घेऊन ट्रक निघून जाई. ड्रायव्हर भाविक होते. एकानेही कधी टाळलं नाही. तीन हजार दोनशे खेपा झाल्या आणि भुआ रोज दगडापाशी उभी राहून बघत होती. पहिल्या दिवशी तिने ड्रायव्हरला सांगून पाहिलं, की नुसता गमछा नाही रे भाऊ, मागचंही. त्याने चाकाचा चिखल झटकला.

ओरण मोकळं झालं. पहिल्या अर्ध्यात काचा लागल्या, आकाशाकडे तोंड करून. दुसऱ्या अर्ध्यात रोपं. तेवढ्यात असं लक्षात आलं, की रोपं वाढली तर काचांवर सावली पडेल. त्यावर नियम निघाला, की रोपं कमरेपर्यंतच वाढतील. दोन माळी कात्र्या घेऊन नेमले. त्यांना काही काम पडलं नाही, कारण तळ्याचं पाणी काचा धुवायला लागत होतं. रोपं वैशाखात गेली. पण प्रत्येक रोपाभोवती हिरवी जाळी होती, ती शाबूत राहिली. आकाशातून उपग्रहाने फोटो काढला, तर झाबरासर पूर्वीपेक्षा चौपट हिरवं निघालं. दवे साहेबांना बक्षीस मिळालं. त्यांनी ते गावाला अर्पण केलं. पंचायतीत भिंतीवर आहे.

हांसबाईसाठी एक बिघा ठेवला होता. जाळचं एक झाड, एक चौथरा, भोवती कुंपण, दर्शनाची वेळ दहा ते चार. मेंढ्यांना प्रवेश नव्हता. जनावरांमुळे रोपांना धोका होता.

रोपं उरली नव्हती, हे भुआने दाखवून दिलं. त्यावर धोका जाळ्यांना आहे, असं सुधारून सांगण्यात आलं.

साठ मेंढ्या दारात बांधून होत्या. भुआ त्यांना झाडूच्या काड्या घालत होती, घराचं शाकारलेलं छप्पर उपसून घालत होती. आषाढापर्यंत जगतील, म्हणायची. आषाढापर्यंत काय होणार होतं, ते ती सांगत नसे.

झालं ते असं. वीज सुरू करण्याचा दिवस ठरला, पाहुणे बटण दाबणार होते, मांडव पडला. आदल्या दिवशी दिल्लीहून तपासनीस बाई आल्या. कर्ज देणाऱ्यांनी पाठवलेल्या. गोऱ्या, चष्मेवाल्या, एकही ओळ न सोडता वाचणाऱ्या. कलम सदतीसपाशी त्या थांबल्या. ओरणाबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू. लाकूड झटकलं का? तीन हजार दोनशे खेपा, नोंद आहे. भंगार? आहे. मजूर? रोज संध्याकाळी. ठीक. वीज?

वहीवाल्याने पानं उलटून पाहिली.

वीज ओरणातून बाहेर जाणार ना, बाईंनी विचारलं. मग तिची झटकल्याची नोंद कुठे आहे? वस्तू आहे की नाही? विकणार आहात ना, म्हणजे वस्तू आहे. अट पुरी झाल्याशिवाय मी सही करणार नाही.

सगळं थांबलं. खंगारजी धावत आमच्याकडे आले, तर भुआ मेंढ्यांना पाणी दाखवत होती. तिला सांगितलं, तर तिने आधी बादली भरली आणि मग पदर डोक्यावर घेऊन निघाली. तीन दिवस बैठक चालली, दगडापाशीच. पंचावन्न वर्षांत भुआला कुणी खुर्ची दिली नव्हती. त्या तीन दिवसांत दिली. ती दगडाला टेकून खालीच बसली.

कंपनीच्या इंजिनियरने सांगितलं, की ऊन तर वरून येतं, ते ओरणाचं नाहीच. भुआ म्हणाली, पाऊसही वरून येतो, तरी तळं कुणाचं असतं? मग त्याने दुसरी बाजू धरली. वीज म्हणजे मेंढीने पोटातून नेल्यासारखं आहे, आणि पोटातून नेलेलं आईला चालतं असं गावच सांगतं. हे जरा बिनतोड होतं. गाव भुआकडे बघू लागलं.

“मेंढी लेंड्या परत आत टाकते,” भुआ म्हणाली. “तुझी तार परत काय टाकते?”

तपासनीस बाईंनी हे लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दवे साहेबांनी सरळ विचारलं, की भुआसा, तुम्हाला हवं तरी काय. भुआ म्हणाली, काचा राहू देत. तुमच्या पोरांना वीज हवी, आमच्या पोरांनाही हवी, बिनणीचा नातू रात्रंदिवस रडतो. तो दुसरा अर्धा भाग, जिथे नुसत्या जाळ्या उभ्या आहेत, तो मोकळा करा. कुंपण काढा. पाऊस पडला की गवत येईल, मेंढ्या चरतील, झाडांचं आई बघेल. एवढं करा, मी स्वतः तारेवर पदर झटकते.

इतकं साधं मागणं होतं, की मला वाटलं, जमलं. दवे साहेबांनाही वाटलं असावं. त्यांनी फोन लावला. बराच वेळ बोलून परत आले आणि म्हणाले, की जाळ्या काढल्या तर उपग्रहात हिरवळ कमी दिसेल. ते शक्य नाही.

इंजिनियर तारेकडे बघत म्हणाला, “थांबवून झटकायची म्हटलं तरी ती थांबणार कशी, माँजी? वीज इथून निघते आणि त्याच क्षणी तिकडे पोचते.”

“तिकडे कोण आहे?” भुआने विचारलं.

“माणसं. शहरातली. घरातली.”

“मग त्यांना पदर असेल की,” भुआ म्हणाली. थकली होती. ती टोमणा मारत होती, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

दवे साहेबांनी तेवढ्यात पेन काढलं होतं. त्यांनी ऐकलं तसं लिहिलं.

संध्याकाळी कलम सदतीसला पुरवणी जोडली गेली: ‘विजेच्या बाबतीत वस्तू थांबवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य असल्याने, स्थानिक ज्येष्ठ महिलेच्या सूचनेनुसार, झटकण्याचा विधी अंतिम ग्राहकाने आपल्या राहत्या घरी पार पाडावा.’ तपासनीस बाईंनी दोनदा वाचून सही केली. पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. आमच्याकडे त्या वेळी वीज गेलेली होती, त्यामुळे ध्वनिक्षेपक जनित्रावर चालवला.

ती अजून बाराला जाते. वरून जाणारी तार फार मोठ्या दाबाची आहे, तिच्यातून खाली उतरवून घेता येत नाही, असं सांगतात. माझा पंखा आढ्याला आहे.

आषाढ कोरडा गेला. भुआचा भाचा कळप घेऊन माळव्याकडे निघाला होता, त्याच्यात भुआने आपल्या मेंढ्या घातल्या. साठातल्या एकेचाळीस उरल्या होत्या. निघताना तिने त्यांना कुंपणाशी उभं केलं आणि लोकरीतून गोखरू काढत बसली. जुने होते, ओरण मोकळं व्हायच्या आधीचे, आत खोल रुतलेले. एकेक काढून ती तारेच्या जाळीतून आत टाकत होती. पहारेकरी आला आणि आत कचरा टाकायला मनाई आहे, म्हणाला. गावचाच होता, खंगारजींचा पुतण्या. भुआने त्याला काही म्हटलं नाही. उरलेले गोखरू पदरात बांधून घरी आणले. अजून तिच्या उशाशी आहेत.

परवा ती ताक घेऊन आली. म्हणाली, पुरवणीत लिहिलंय खरं, पण ज्यांनी झटकायचं त्यांना कुणी कळवलंय का? मी चौकशी केली. अंतिम ग्राहकास कळवण्याची तरतूद कलमात नव्हती. म्हणून हा बेचाळिसावा अर्ज.

प्रति, अंतिम ग्राहक, म्हणजे आपण.

विषय: कलम सदतीसच्या पुरवणीची अंमलबजावणी.

महोदय/महोदया, हे वाचताना आपल्या डोक्यावर दिवा लागलेला असेल, पंखा फिरत असेल. राहू द्या, बंद करा म्हणून हा अर्ज नाही. माझाही हात वर होता. फक्त एकदा उठावं, पदर किंवा सदरा जो असेल तो झटकावा, आणि म्हणावं, “आई, तुझं तुझ्यापाशी.” काही पडलं तर कृपया परत पाठवावं. पत्ता वहीत आहे तसाच: मालक, कोणी नाही. उत्पन्न, काही नाही. भुआ दगडापाशी असते. दहा ते चार.

काहीच पडलं नाही, तर खालील नोंद भरून कागद आपल्यापाशीच ठेवावा.

मी साधू आहे / मी गाठ पक्की मारलेली आहे. (लागू नसेल ते खोडावे.)